चौदावी बरोबरी

माझी काही चूक नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे चूक माझीच होती. ती मीच केली, मीच शोधून काढली, मीच दुरुस्त केली, आणि दुरुस्त केलेला कागद घेऊन एका रविवारी मीच एका भल्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी माझ्याशी बोलणारा तो एकुलता एक माणूस होता. त्यालाही मी घालवलं.

दोन हजारचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये होतो, पुण्याच्या कंपनीने क्लायंटकडे पाठवलेला टेस्टर. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे, आणि ज्याची चूक त्याला ईमेल धाडायची. आईच्या मते हे काम मी पाळण्यात असल्यापासून करत होतो. घर भाड्याने घेतलं तेव्हा आम्ही तिघं मराठी मुलं होतो. त्यातला एक सहा महिन्यांत लंडनला पळाला. जाताना म्हणाला, "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोज तोंडी परीक्षा रे बाबा." दुसऱ्याचं लग्न झालं, त्याने वेगळं घर घेतलं आणि जेवायला सगळ्या टीमला बोलावलं, मला सोडून. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मी एका गृहस्थांना मध्येच थांबवून त्यांचे शब्द दुरुस्त केले होते. त्यानंतर मंडळातूनही कुणाचा फोन येईना. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा तर मी परीक्षकालाच त्याची चूक दाखवून दिली. गंमत म्हणजे मी बरोबर होतो.

त्या गावात गाडी नसलेल्या माणसाने शनिवारी करायचं काय? गाड्यांसाठी गोल चौक, राउंडअबाउटमागून राउंडअबाउट, आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळ्या लालसर वाटा. रेडवे म्हणतात त्यांना. झाडीतून, पुलाखालून जातात. तासभर चाललं तरी एखादा सायकलवाला आणि एखादं कुत्रं, बास. मी आपला तरातरा चालायचो, कुणाकडे तरी पोचायला उशीर होतोय अशा थाटात. कसला उशीर आणि कसलं काय! घरी येऊन भात लावायचा आणि कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून आईला फोन करायचा. ती विचारायची, "आज कुठे गेला होतास?" मी म्हणायचो, "मित्रांकडे." जगाच्या चुका काढणारा मी दर शनिवारी हे धडधडीत खोटं बोलायचो, आणि ती म्हणायची, "बरं झालं हो."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी अशाच वाटेवर मला शिट्टी ऐकू आली. कुंपणापलीकडे फुटबॉलचं मैदान होतं. कुठल्या तरी आठव्या की नवव्या पातळीच्या लीगमधली मॅच. प्रेक्षक शंभरएक, बहुतेक म्हातारे. एका बाजूला चहा आणि पाय, म्हणजे खिमा भरलेले इंग्रजी कानवले, विकणारी टपरी, मैदानाभोवती पांढरं रेलिंग, आणि कुणी गोल चुकवला की अख्खं मैदान एका सुरात हळहळायचं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही क्रिकेटवाले. पण तिथे रेलिंगला टेकून उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाकडे कुणी वळून बघत नव्हतं, तिथे बरेच जण एकटेच होते. मला ते फार बरं वाटलं.

माझ्या शेजारी एक साठीच्या घरातले गृहस्थ उभे होते. उंच, खांदे अजून रुंद, हात केवढे थोरले, डोक्यावर लोकरीची टोपी. एका वहीत ते पेन्सिलीने काहीतरी टिपत होते. मी डोकावलो. खेळाडू बदलल्याचं मिनिट त्यांनी एकसष्ट लिहिलं होतं.

"त्रेसष्ट," मी म्हणालो. सांगायची काही गरज होती का? नव्हती.

त्यांनी स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझं मनगट धरून माझ्या घड्याळाकडे पाहिलं, खिशातून खोडरबर काढला, एकसष्ट पुसलं आणि त्रेसष्ट लिहिलं. "आता बरोबर," ते म्हणाले. चिडले नाहीत, खांदे उडवले नाहीत, काही नाही. माझी दुरुस्ती कुणी इतक्या सरळपणे घेतल्याचं मला आठवत नाही. पुढच्या शनिवारी मी तासभर आधीच जाऊन तीच जागा धरली.

तोंडाने मी त्यांना सर म्हणायचो, मनात काका. काका युक्रेनचे. मुलीने इंग्रज माणसाशी लग्न केलं, आणि बायको गेल्यावर काका तिच्याकडे राहायला आले. आठवडाभर ते एका वेअरहाउसमध्ये खोकी रचायचे. त्यांचं इंग्रजी म्हणजे शब्दांमागे शब्द ठेवलेले, मधला सिमेंटचा थर गायब. पण शनिवारी तीन ते पाच आम्हाला ते पुरायचं. ते कोटाच्या खिशातून सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया काढून माझ्या तळहातावर ओतायचे. त्या दातांत धरून फोडायच्या कशा हे शिकायला मला महिना लागला. तोवर मी टरफलासकट चावत होतो आणि ते माझ्याकडे बघून खो खो हसत होते. मी आईने पाठवलेला चिवडा न्यायचो. त्यातली मिरची लागली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी हात पुढे असायचाच.

ऑक्टोबरात कधीतरी कळलं की काका स्वतः गोलकीपर होते. सोव्हिएत काळात, त्यांच्या गावच्या कारखान्याच्या संघात. नावाने पहिली लीग, पण तिच्यावर आणखी एक लीग होती, म्हणजे हिशेबाने दुसरी. कागदोपत्री ते कारखान्यात फिटर होते. खेळायचा पगार मिळत नसे, फिटरचा मिळायचा, आणि पाना हातात घ्यायला त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. मॅचसाठी दोन-दोन दिवस रेल्वेने जायचं, कुठे वाळवंटाच्या कडेला, कुठे बर्फात. एका हंगामात, कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या हंगामात, त्यांनी रेल्वेत बसल्या बसल्या खेळाच्या वर्तमानपत्रातून लीगमधल्या सगळ्या मॅचचे निकाल एका वहीत उतरवून काढले होते. साडेचारशेच्या वर सामने.

ती वही त्यांनी नोव्हेंबरात मला आणून दाखवली. तपकिरी पुठ्ठा, बारीक निळं अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी बघतच राहिलो. पण शेवटचं पान कोरं होतं. हंगामाच्या अखेरीचा गुणतक्ता, कोण पहिलं, कोण शेवटचं, कोण खालच्या लीगमध्ये ढकललं गेलं, तो नव्हताच.

"तक्ता कुठाय?" मी विचारलं. "एवढं सगळं केलंत आणि शेवटी आळस?"

काका हसले. म्हणाले, "हो. आळस."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं की त्यांना हे निकाल एका जागी, नीट छापलेले हवे आहेत. जावयासाठी. जावई वाईट नव्हता, पण काकांनी गोलकीपर म्हटलं की तो डोळा मारायचा. इथे पबमध्ये बसलेला प्रत्येक म्हातारा एके काळी खेळाडू असतो म्हणे. मुलगी त्या वेळी तीन वर्षांची, तिला काय आठवणार? इंग्लंडमध्ये त्यांचं म्हणणं खरं मानणारं कुणी नव्हतं. ती वही सोडली तर पुरावाही नव्हता, आणि वहीची लिपी घरातल्या इंग्रज माणसाला वाचता येत नव्हती.

"मी करतो," मी म्हणालो. "मला चार महिने द्या."

तो हिवाळा मी त्या वहीत घालवला. आधी लिपी शिकलो, ऑफिसच्या बसमध्ये बसून, कागदाच्या चिठ्ठ्या करून. मग रोज रात्रीचं जेवण झालं की दहा-पंधरा मॅच कॉम्प्युटरवर चढवायच्या. तारीख, गाव, यजमान, पाहुणे, गोल, प्रेक्षकसंख्या. शंका आली की शनिवारी रेलिंगपाशी विचारायचं. जिंकलं की किती गुण? दोन, त्या वेळी दोन. बरोबरीला? एक. हरलं तर शून्य. झालं, मी फॉर्म्युला बसवला. रेडवेवरून घरी येताना आता मी खरंच घाईत असायचो. आईला मी अजून "मित्रांकडे" म्हणायचो, पण एक अनुस्वार सोडला तर आता त्यात फारसं खोटं नव्हतं.

फेब्रुवारीत आम्ही शेवटच्या मॅचला पोचलो. मैदानात चिखल होता, आमचा संघ दोन गोलांनी मागे होता, थंडीने बोटं वाकत नव्हती. काका म्हणाले, "ही मॅच. शेवटचं मिनिट. पेनल्टी त्यांना." मग त्यांनी कोटाच्या खिशांतून दोन्ही हात बाहेर काढले, गुडघे थोडे वाकवले. "मी अडवली."

"स्कोअर किती?" मी विचारलं. पेन तयार होतं.

त्यांनी हात परत खिशात घातले. "एक-एक," ते म्हणाले.

मी लिहून घेतलं. शेरा या रकान्यात टाकलं, पेनल्टी अडवली.

तक्ता तयार झाला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. काकांचा संघ अडतीस गुणांवर. त्यांच्या खालचा सदतीसवर, आणि तिथून खाली ढकलले जाणारे. म्हणजे एका गुणाने वाचले होते! आणि तो गुण त्या शेवटच्या बरोबरीचा. ती पेनल्टी आत गेली असती तर दोघांचे गुण सारखे झाले असते आणि जास्त मॅच जिंकलेला दुसरा संघ वर गेला असता. काकांनी अख्खा संघ हाताने धरून ठेवला होता आणि मला हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. काय माणूस आहे, मी स्वतःशीच म्हणालो.

हंगामातल्या शेवटच्या शनिवारी मी तो तक्ता मोठ्या कागदावर छापून, लॅमिनेट करून मैदानावर नेला. काकांनी चष्मा लावला. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि एकेक ओळ खाली येत गेले. स्वतःच्या संघापाशी बोट थांबलं. थांबलं ते थांबलंच. मॅच सुरू झाली, एक कॉर्नर झाला, तरी बोट तिथेच.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "असा मी कधी पाहिला नव्हता." आणि माझं डोकं त्या थोरल्या हातांत धरून त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. एवढ्या इंग्रजांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी मान सोडवून घेतली नाही. जाताना म्हणाले, "तीन आठवड्यांनी, रविवारी, घरी जेवायला ये. मुलगी सांगते, आणच त्याला."

दीड वर्षात मला घरी जेवायला बोलावणारं ते पहिलं माणूस. तीन आठवडे मी त्या रविवारच्याच विचारात. आता जेवायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? ते आपल्यात बसत नाही. चिवडा होताच, पण काहीतरी खास हवं. मनात आलं, त्या हंगामाबद्दल इंटरनेटवर काही मिळतं का बघू. एखादा फोटो, एखादी बातमी. फ्रेम करून देऊ.

शुक्रवारी संध्याकाळी मला कुणा हौशी माणसाने बनवलेलं एक पान सापडलं. जुन्या लीगचे सगळे तक्ते. आमचा हंगामही होता. काकांच्या संघापुढे गुण होते छत्तीस.

छत्तीस? माझे तर अडतीस! मला रागच आला. म्हटलं, या दीडशहाण्याने काहीतरी घोळ घातलाय. त्याला ईमेल लिहायला घेतली, पण पुराव्याशिवाय ईमेल धाडायची नाही हा माझा नियम. मी काकांच्या संघाच्या सगळ्या मॅच परत तपासल्या. बारा विजय, चौदा बरोबऱ्या, सोळा पराभव. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली टीप दिसली, ती मी शब्दकोश घेऊन वाचली. त्या काळी तिकडे संघ आपसात ठरवून बरोबरी करतात अशी ओरड होती. म्हणून एक नियम केला होता. हंगामात पहिल्या बारा बरोबऱ्यांना गुण. त्यापुढच्या बरोबरीला शून्य.

तेरावीला शून्य. चौदावीलाही शून्य. आणि चौदावी म्हणजे शेवटची मॅच.

हे कळल्यावर मला काय वाटलं, ते आज लिहायची लाज वाटते. मला आनंद झाला. बग सापडल्याचा आनंद! कुणालाही न दिसलेली गोष्ट मला दिसली होती, आणि तीही माझ्याच कामातली, म्हणजे मी किती निःपक्षपाती बघा. फॉर्म्युला दुरुस्त केला, तक्ता नव्याने छापला, लॅमिनेट केला, त्याची गुंडाळी करून तिला रिबीन बांधली. रिबीन! कर्म माझं. काकांचा संघ आता रेषेच्या खाली होता, आणि रेष मी मुद्दाम लाल केली होती, उठून दिसावी म्हणून.

रविवारी काकांनीच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. मी बूट काढायला वाकलो तर त्यांनी माझ्यापुढे कापडी सपाता ठेवल्या. आपल्यासारखंच, घरात बूट नाहीत. मला इतकं बरं वाटलं. आणि मान वर केली तर समोरच्या भिंतीवर माझा तक्ता. फ्रेममध्ये, काच लावून.

"मी लावला," जावई म्हणाला. चांगला धिप्पाड, हसरा माणूस. माझा हात धरून हलवत राहिला. "तुला सांगतो, मला वाटायचं म्हातारा थापा मारतो. सगळेच मारतात. पण हे बघ ना! शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली आणि अख्खी टीम वाचवली. मी पबमध्ये सगळ्यांना सांगितलं. शेजारी येऊन बघून गेले." काका त्याच्या मागे उभे होते, जमिनीकडे बघत. कान लाल झाले होते.

जेवायला बिटाचं सूप होतं, काळा पाव होता, बटाट्याचं सारण भरलेले मोदकासारखे पण चपटे असे काहीतरी उकडलेले. मुलीने माझ्यासाठी सगळं मुद्दाम बिनमांसाचं केलं होतं. काका टेबलाच्या डोक्याशी बसले होते, आणि जावई त्यांना विचारत होता, त्या वेळी किती लोक होते मैदानात, ग्लव्ह्ज कसले होते, आणि काका त्यांच्या त्या शब्दामागे शब्द इंग्रजीत उत्तरं देत होते, मुलगी मध्ये मध्ये जोड देत होती. तिघंही हसत होते. मीही हसत होतो, पण माझं लक्ष सगळं हॉलमध्ये ठेवलेल्या त्या गुंडाळीकडे. चूक भिंतीवर टांगलेली आहे आणि मी तिच्याखालून जेवायला आलोय, हे मला सोसेना.

"खरं तर," मी म्हणालो, "त्यात एक चूक आहे."

आणि मी सगळं सांगितलं. नीट, मुद्देसूद, ऑफिसात सांगतो तसं. नियम काय होता, का होता, बारापुढे शून्य कसं, अडतीसचे छत्तीस कसे झाले. उठून गुंडाळी आणली, रिबीन सोडली, सुपाची भांडी बाजूला सारून टेबलावर पसरली. लाल रेषेवर बोट ठेवलं. "म्हणजे संघ खाली गेला," मी म्हणालो.

मुलगी बापाकडे बघत होती.

"म्हणजे गेलेच होते खाली?" जावई म्हणाला, आणि हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. "जिंकायलाच हवं होतं, म्हणजे बरोबरी झाली काय आणि हरले काय, सारखंच. मग ती पेनल्टी अडवलीत कशाला?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "गोलकीपर होतो," ते म्हणाले.

आणि तेव्हा, त्या क्षणाला, माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा बरोबऱ्यांचा नियम त्यांना माहीत नसेल? त्यांना? मैदानात उभा राहून त्या पेनल्टी घेणाऱ्याकडे बघणारा तो माणूस, सगळं संपलंय हे ठाऊक असलेला? वहीचं शेवटचं पान आळसाने कोरं नव्हतं राहिलं. रेलिंगपाशी त्यांचं बोट थांबलं होतं ते चूक दिसली म्हणूनच. पहिल्या नजरेत दिसली होती. आणि वीसेक वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्या झेपेचा एक गुण दिला होता, तो त्यांनी ठेवून घेतला होता. तीन आठवडे. मी त्यांच्या घरात, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या जावयासमोर तो परत काढून घेतला.

मी सोडलेली रिबीन बोटाभोवती गुंडाळत राहिलो.

काका उठले. ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर आणला, हॉलमधली फ्रेम उतरवली, मागची पट्टी काढली, जुना तक्ता बाहेर, नवा आत. मुलगी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, जोरात. त्यांनी नुसती मान हलवली. फ्रेम परत टांगली, दोन पावलं मागे येऊन डावा कोपरा किंचित वर केला. मग माझ्याकडे वळले.

"आता बरोबर," ते म्हणाले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

जुना तक्ता त्यांनी माझ्या हातात दिला. वर चहा झाला, केक झाला, मी कितीतरी वेळ थँक यू म्हणत राहिलो. दारापर्यंत मुलगी आली. हळू आवाजात म्हणाली, "तुला हे आजच सांगायचं होतं?" मी रेडवेने घरी आलो. वाटेत कुणी भेटलं नाही. आईला फोन केला, ती म्हणाली, "आज कुठे गेला होतास?" मी म्हणालो, "मित्राकडे, जेवायला." पहिल्यांदाच ते अक्षरशः खरं होतं, आणि मला बोलता बोलता रडू फुटलं. आई म्हणाली, "इतके दिवस जात नव्हतास ना कुठे? मला माहीत होतं रे."

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. मी जाऊन तीच जागा धरली. पहिल्या शनिवारी काका आले नाहीत, दुसऱ्या नाहीत, तिसऱ्या नाहीत. घर पंचवीस मिनिटांवर होतं. आज जातो, उद्या जातो, असं करत मी ऑक्टोबर आणला. गेलो तेव्हा घरासमोर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. शेजारणीने सांगितलं, जावयाला उत्तरेत नोकरी लागली, सगळे गेले. पत्ता तिच्याकडे नव्हता. मी मैदानावर जात राहिलो, वर्ष संपेपर्यंत. बिया मी इंडियन दुकानातून घ्यायचो, पण त्या मुखवासातल्या, सोललेल्या.

चुकीचा तक्ता अजून माझ्याकडे आहे. मी तो आता कुणाला दुरुस्त करू देणार नाही. फाइलही आहे, प्रत्येक कॉम्प्युटरवरून पुढच्या कॉम्प्युटरवर आणलेली. मध्ये एकदा उघडली आणि खाली जात जात शेवटच्या ओळीवर आलो. तारीख आहे, गाव आहे, एक-एक आहे, प्रेक्षक किती होते तेही आहे. शेऱ्यात लिहिलंय, पेनल्टी अडवली. पण कुठल्या बाजूला? डावीकडे झेपावले, उजवीकडे, की मधेच उभे राहिले? चेंडू पकडला की ढकलला? साडेचारशे मॅचबद्दल मी त्या माणसाला शंका विचारल्या आणि हे विचारलं नाही. त्या दिवशी रेलिंगपाशी त्यांनी खिशातून दोन्ही हात बाहेर काढले होते, गुडघे वाकवले होते. ते दाखवणारच होते. आणि मी विचारलं, स्कोअर किती?